घराचा पत्ता, कंपनीचा पत्ता

पत्राचा आशय

लहान मुलांचे कपडे शिवून ऑनलाइन विकणारी एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी एक वाचक भगिनी आणि त्यांचे धाकटे दीर मिळून चालवतात. दोघेच संचालक आहेत. विक्री मुख्यतः स्वतःच्या वेबसाइटवरून होते, थोडा माल एका मोठ्या ऑनलाइन बाजारमंचावरही असतो, आणि कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय म्हणजे त्यांचे राहते घर. सुरुवातीला वेबसाइटवर या भगिनींचा स्वतःचा मोबाइल नंबर दिलेला होता. त्यावर रात्री उशिरापर्यंत फोन येत. बरेचसे फोन पार्सल कुठपर्यंत आले हे विचारणारे असत, पण काही अशा अनोळखी पुरुषांचे असत, ज्यांना कपड्यांशी काहीही देणेघेणे नव्हते. एकाने त्यांच्या प्रोफाइलवरचा फोटो उतरवून घेऊन त्यांनाच परत पाठवला. पुढे एक गृहस्थ बदलून हवा असलेला फ्रॉक घेऊन भरदुपारी थेट दारात येऊन उभे राहिले. तेव्हा घरात त्या आणि सासूबाई दोघीच होत्या. त्या रात्री दिरांनी वेबसाइटवरून नंबर, पत्ता आणि नावे काढून टाकली व ‘आम्हाला लिहा’ असा एक फॉर्म तेवढा ठेवला. आता एका ग्राहक महिलेने लेखी विचारणा केली आहे: कंपनीचे पूर्ण नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव कळवा, अन्यथा मी तक्रार करेन. वेबसाइट तयार करून देणाऱ्याचे म्हणणे असे की परदेशात नुसता फॉर्म चालतो आणि इथेही सगळे तेच करतात. पत्रलेखिका विचारतात: हे सारे जाहीर करणे खरोखरच सक्तीचे आहे का? आणि असेल, तर बाईमाणसाने स्वतःच्या सुरक्षिततेचे काय करायचे?

उत्तर

सक्तीचे आहे का, या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आहे. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे उरलेल्या पत्रात आपल्याला पळवाटा शोधत बसावे लागणार नाही. मात्र कायदा नेमके काय मागतो आणि काय मागत नाही, हे एकदा नीट पाहिले, तर तुमची निम्मी भीती कायद्यामुळे नसून सुरुवातीला केलेल्या मांडणीमुळे आहे, असे तुमच्याही लक्षात येईल.

तुमची कंपनी आहे, म्हणून कंपनी कायद्यापासून सुरुवात करू. कंपनी (स्थापना) नियम २०१४ मधील नियम २६ असे सांगतो की ज्या कंपनीची वेबसाइट आहे, मग ती ऑनलाइन व्यवसायासाठी असो वा अन्य कशासाठी, तिने आपले नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन म्हणजे कंपनीचा एकवीस अक्षरांकांचा ओळख क्रमांक, दूरध्वनी क्रमांक, ईमेल आणि चौकशी किंवा तक्रारीसाठी ज्या व्यक्तीशी संपर्क साधायचा तिचे नाव वेबसाइटच्या मुखपृष्ठावर द्यायचे आहे. मुखपृष्ठावर, हे महत्त्वाचे. ‘आमच्याविषयी’, मग ‘धोरणे’, मग ‘कायदेशीर माहिती’ असे तीन दरवाजे उघडल्यावर सापडणाऱ्या पानावर नव्हे. खुद्द कंपनी कायदा २०१३ चे कलम १२ यातला बहुतेक तपशील बिलावर, पत्रव्यवहारावर आणि नोटिशींवर छापायला सांगते. इतकेच नाही, तर जिथे जिथे कंपनीचे कामकाज चालते, तिथे बाहेरच्या बाजूला कंपनीचे नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता ठळक अक्षरांत लावायला सांगते, आणि ती अक्षरे त्या भागातल्या लोकांच्या वापरातल्या भाषेची नसतील, तर त्या भाषेच्या अक्षरांतही लावायला सांगते. तुमच्या दारावर अशी पाटी आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही, बहुधा नसावी. या कलमाचा भंग झाल्यास कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्याला दर दिवसाला एक हजार रुपये आणि जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड होऊ शकतो. छोट्या कंपन्यांना त्यात सवलत मिळते, पण सवलत म्हणजे माफी नव्हे.

दुसरा भाग ग्राहक कायद्याचा. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली २३ जुलै २०२० रोजी ई-कॉमर्ससाठी स्वतंत्र नियम अधिसूचित झाले. स्वतःची वेबसाइट चालवून त्यावर माल विकणारा कोणीही त्या नियमांत ‘ई-कॉमर्स संस्था’ ठरतो. उलाढाल किती आहे, कामाला माणसे किती आहेत, असे नियम विचारत नाहीत. कोणी वैयक्तिक पातळीवर, अधूनमधून, व्यवसाय म्हणून नव्हे अशा रीतीने एखादी वस्तू विकली, तर तो यातून सुटतो. तुम्ही महिनोन्‌महिने नियमित विक्री करत आहात, तेव्हा ती सूट तुम्हाला लागू नाही. या नियमांनुसार संस्थेचे कायदेशीर नाव, मुख्यालयाचा आणि सर्व शाखांचा पत्ता, वेबसाइटचा तपशील, आणि ग्राहक सेवा व तक्रार निवारण अधिकारी या दोन्हींशी संपर्क साधण्यासाठी ईमेल, दूरध्वनी, मोबाइल अशी माहिती स्पष्टपणे आणि सहज दिसेल अशा जागी द्यायची असते. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि पदही द्यायचे असते. तक्रार आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत ती मिळाल्याची पोच आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण, ही त्याची जबाबदारी.

आता वेबसाइट तयार करून देणाऱ्या गृहस्थांनी सांगितलेल्या परदेशाकडे वळू, कारण त्यांचे म्हणणे अगदीच हवेतले नाही. युरोपीय संघाच्या २००० सालच्या ई-कॉमर्स निर्देशात असे आहे की सेवा देणाऱ्याने आपले नाव, भौगोलिक पत्ता आणि ईमेलसह असा तपशील द्यावा, ज्यायोगे त्याच्याशी लवकर, थेट आणि परिणामकारक रीतीने संपर्क साधता येईल. तिथे फोन नंबर दिलाच पाहिजे का, हा वाद इंटरनेटवर विमा विकणाऱ्या एका जर्मन कंपनीवरून युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि २००८ मध्ये न्यायालयाने सांगितले की फोन अपरिहार्य नाही. ईमेलखेरीज संपर्काचा आणखी एक मार्ग हवा, तो ऑनलाइन फॉर्मही असू शकतो, पण त्यातून थेट आणि परिणामकारक उत्तर मिळाले पाहिजे. शिवाय ज्या ग्राहकाला पुढे इंटरनेट वापरणे शक्य नसेल, त्याने मागणी केल्यास त्याला इंटरनेटबाहेरचा मार्ग द्यावा लागेल. म्हणजे तिथेही फॉर्म पत्त्याची जागा घेत नाही आणि ईमेलचीही घेत नाही. तो फार तर फोनची जागा घेतो, तीही उत्तर वेळेवर येत असेल तर. तुमच्या फॉर्ममागे उत्तर देणारे कोण आहे, किती वेळात देते, याची ग्राहकाला काहीच कल्पना नाही. आणि आपल्याकडचे नियम तर संपर्काच्या साधनांची नावेच घेतात. तेव्हा हा आधार तुमच्या उपयोगाचा नाही.

‘सगळेच असे करतात’ या म्हणण्यावर मी फारशी थांबणार नाही. पुष्कळ जण तसे करतात, आणि त्यातले बलाढ्य तर ग्राहकाला यंत्राशी चॅट करायला लावून दमवण्यात वाकबगार झालेले आहेत. पण त्यांच्याकडे वकिलांची फौज असते, तुमच्याकडे तुमचे नाव असते. लहान विक्रेत्याला अनोळखी ग्राहक पैसे आगाऊ देतो तो फक्त विश्वासावर, आणि संपर्काची माहिती नसलेल्या दुकानाबद्दल त्याच्या मनात पहिली शंका येते ती फसवणुकीचीच. शिवाय तुम्ही मोकळी सोडलेली जागा मोकळी राहत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर नंबर सापडला नाही, की ग्राहक इंटरनेटवर शोध घेतो, आणि तिथे ‘कस्टमर केअर’ म्हणून पेरून ठेवलेले भामट्यांचे नंबर त्याची वाटच पाहत असतात. परतावा देतो असे सांगून ओटीपी मागणे, मोबाइलमध्ये एखादे ॲप उतरवायला लावून खात्यातून पैसे काढून घेणे, हे प्रकार आता इतके सर्रास झाले आहेत की पोलीस आणि बँका सतत त्याबद्दल इशारे देत असतात. तुमच्या नावाने असा नंबर कोणी टाकला आणि तुमच्या एखाद्या ग्राहकाचे खाते रिकामे झाले, तर तो तुम्हालाच दोष देईल, आणि खरा नंबर कुठेच नव्हता हे तुम्हाला मान्य करावे लागेल.

येथवर कायद्याची आणि व्यवहाराची बाजू झाली. आता तुमच्या भीतीकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे आणि ती भीती खरी आहे.

तुम्ही पत्रात तीन प्रकारची माणसे एका वाक्यात आणली आहेत: पार्सलची चौकशी करणारे, नको ते फोन आणि संदेश करणारे, आणि फ्रॉक घेऊन दारात आलेले गृहस्थ. त्यांना वेगवेगळे करून पाहा. पहिल्या प्रकारचे लोक तुम्हाला छळत नव्हते. त्यांना पार्सल निघाल्याचा संदेश आणि माग काढण्याचा दुवा वेळेवर मिळाला असता, तर त्यातल्या बहुतेकांनी फोनच केला नसता. फ्रॉकवाले गृहस्थ वाईट माणूस होते असे तुम्हीही म्हणत नाही. माल बदलून कसा घ्यायचा हे वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेले नसल्यामुळे त्यांनी जो पत्ता दिसला तो गाठला असावा. त्यांच्यामुळे तुम्ही घाबरलात हे खरे, पण त्यावरचा उपाय म्हणजे माल परत घेण्याची नीट व्यवस्था, ग्राहकापासून लपून राहणे नव्हे. उरले दुसऱ्या प्रकारचे लोक. ते ग्राहक नाहीतच. नको असे स्पष्ट सांगूनही एखाद्या स्त्रीशी वारंवार संपर्क साधणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. त्या संदेशांचे स्क्रीनशॉट तारीख आणि नंबर दिसेल असे जपून ठेवा, एकदाच मोजक्या शब्दांत ‘पुन्हा संपर्क करू नये’ असे लिहा, त्यानंतर उत्तर देऊ नका, आणि पुढचा संदेश आला तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. या माणसांमुळे तुमच्या प्रामाणिक ग्राहकांचा हक्क तुम्ही काढून घेतलात, हे मला तुमच्या पत्रात खटकले. रागावून म्हणत नाही. त्या रात्री घाबरून केलेली गोष्ट नंतर तशीच राहून गेली, एवढेच झाले असावे.

एक गोष्ट तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. तुमच्या कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, म्हणजे तुमच्या घराचा पत्ता, केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर ‘मास्टर डेटा’मध्ये कंपनीचे नाव टाकून पाहता येतो. तुमचा जीएसटी क्रमांक बिलावर असेल, तर जीएसटीच्या पोर्टलवरही व्यवसायाचे मुख्य ठिकाण दिसते. म्हणजे दिरांनी वेबसाइटवरून पत्ता काढला, तरी तो गुप्त झालेला नाही. फक्त सरळमार्गी ग्राहकाला तो मिळणे अवघड झाले आहे. अर्थात यावर तुम्ही म्हणाल की कुठल्यातरी सरकारी पोर्टलवर शोधून सापडणे आणि वेबसाइट उघडताच डोळ्यांसमोर असणे यात फरक आहे. तो फरक आहे, हे मी मान्य करते, आणि म्हणूनच माझे मत असे आहे की तुमचा खरा प्रश्न वेबसाइटवर काय लिहावे हा नसून नोंदणीकृत कार्यालय घरात असावे का, हा आहे. कंपनी काढताना खर्च वाचवण्यासाठी घराचा पत्ता देणे ही अगदी सर्रास चालणारी गोष्ट आहे आणि ती बेकायदा नाही. पण त्या दिवशी तुमचे घर सार्वजनिक नोंदीत गेले, याकडे कोणी तुमचे लक्ष वेधले नसावे.

मग पर्याय कोणते? घराचा पत्ता तसाच ठेवून तो मुखपृष्ठावर देणे, हा एक. याला खर्च नाही आणि उशीरही नाही. यात करता येण्यासारखे एवढेच की पत्त्यासोबत स्पष्ट सूचना लिहावी: हे पत्रव्यवहाराचे कार्यालय आहे, येथे विक्री अथवा माल बदलून देण्याची सोय नाही, परत पाठवायचे कपडे आमचा कुरिअर तुमच्याकडून घेऊन जाईल. नकाशावरची खूण, इमारतीचा फोटो, मजल्यावर यायची वाट, यांतले काहीही कायदा मागत नाही, तेव्हा ते देऊ नका.

दुसरा पर्याय नोंदणीकृत कार्यालय हलवण्याचा. भाड्याचा एखादा गाळा, सहकार्यालयातली (को-वर्किंग) एक जागा, किंवा नात्यातल्या कोणाच्या व्यवसायाच्या ठिकाणी त्यांच्या संमतीने मिळालेली जागा, यांतले काहीही चालते. मात्र तिथे आलेली पत्रे आणि नोटिसा स्वीकारून पोच देणारे कोणीतरी असले पाहिजे, अशी कायद्याची अट आहे. नुसते नावापुरते घेतलेले पत्ते मी सुचवणार नाही. कंपनीचा व्यवसाय तिथे खरोखर चालतो की नाही अशी शंका आली, तर कंपनी निबंधक प्रत्यक्ष तपासणी करू शकतात, आणि ग्राहक आयोगाची नोटीस अशा पत्त्यावर पडून राहिली, तर तुम्हाला खबरही न लागता प्रकरण तुमच्या विरोधात जाऊ शकते. त्याच शहराच्या हद्दीत कार्यालय हलवायचे तर संचालक मंडळाचा ठराव पुरतो, हद्दीबाहेर न्यायचे तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. बदल झाल्यापासून तीस दिवसांच्या आत आयएनसी-२२ हा अर्ज जागामालकाच्या ना हरकत पत्रासह आणि वीज किंवा टेलिफोनच्या ताज्या बिलासह भरावा लागतो. तुमचे सीए हे काम करून देतील. जीएसटी नोंदणीतला पत्ता मात्र वेगळा बदलावा लागतो. तो विसरू नका, कारण लोक नेमका तोच विसरतात.

तिसरा पर्याय तुमच्या दिरांच्या डोक्यात असावा, असे पत्राच्या शेवटच्या भागावरून वाटते: कंपनी बंद करून एकट्याच्या नावावर व्यवसाय चालवणे, म्हणजे कंपनी कायद्याची कटकट नको. ती कटकट जाईल हे खरे. पण ई-कॉमर्सचे नियम तेव्हाही लागू राहतील, आणि जी सुरक्षितता तुम्हाला हवी आहे ती त्यातून मिळणार नाही.

माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, पण त्याची तयारी होईपर्यंत वेबसाइट रिकामी ठेवण्याच्या मी विरोधात आहे. आज पहिला पर्याय, सोय झाली की दुसरा. घरी लहान मुले किंवा एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ व्यक्ती असतील, किंवा त्रास देणाऱ्यांपैकी कोणी तुमच्याच भागातला असल्याचा संशय असेल, तर जागेचा शोध याच आठवड्यात सुरू करा आणि त्यासाठी थोडा खर्च झाला तरी तो व्यवसायाचाच खर्च समजा.

फोनचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. नियमांना कंपनीचा संपर्क हवा आहे, तुमचा खासगी नंबर नव्हे. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातही विदेविषयी प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या व्यक्तीचा व्यवसायाचा संपर्क जाहीर करावा, असेच म्हटले आहे. कंपनीच्या नावाने वेगळे सिम कार्ड घ्या आणि ते जुन्या का होईना पण वेगळ्या फोनमध्ये ठेवा. संदेशांसाठी व्यावसायिक खाते उघडा, त्यावर फोटोच्या जागी कंपनीचे बोधचिन्ह ठेवा, आणि कामाच्या वेळेनंतर आपोआप जाणारे उत्तर लावून द्या. चोवीस तास फोन उचला असे कोणताही नियम सांगत नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, रविवार बंद, असे नंबरच्या खालीच लिहा आणि सहा वाजता तो फोन खरोखरच बंद करा. दिवसा तो आळीपाळीने तुम्ही आणि दीर सांभाळू शकता. त्याच ओळीखाली आणखी एक वाक्य घाला: आमचा एवढाच नंबर आहे, आणि आम्ही कधीही ओटीपी, कार्डाचा क्रमांक किंवा कोणतेही ॲप उतरवायला सांगत नाही. भामट्यांपासून तुमच्या ग्राहकांचे रक्षण करायला हे एक वाक्य बरेच काम करते.

राहिले तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव. तुम्ही विचारता की ‘ग्राहक सेवा विभाग’ असे लिहिले तर चालणार नाही का. नाही, नियमांना व्यक्तीचे नाव आणि पद हवे आहे, आणि मला ती मागणी रास्त वाटते. विभागाला विचारून कोणालाच उत्तर मिळत नाही, हा अनुभव ग्राहक म्हणून तुम्हालाही असेल. मात्र हे नाव तुमचेच असले पाहिजे, असे कुठेही म्हटलेले नाही. त्यासाठी नवा माणूस नेमण्याची गरज नाही, संचालकांपैकी एक जण हे काम करू शकतो. दिरांना घराची काळजी आहे, तर त्यांनी ही जबाबदारी स्वतःच्या नावावर घ्यावी, असे मी त्यांनाही सांगेन. तुमचे नाव वेबसाइटवरून काढायला ते एका रात्रीत पुढे सरसावले, आता स्वतःचे नाव द्यायलाही सरसावावे. निवड करताना एवढेच पाहा की त्या व्यक्तीला पैसे परत करण्याचा किंवा माल बदलून देण्याचा निर्णय दुसऱ्याला न विचारता घेता आला पाहिजे, नाहीतर अठ्ठेचाळीस तासांची पोच नुसती औपचारिकता होते. ईमेल पत्ता व्यक्तीच्या नावाचा न ठेवता ‘तक्रार’ अशा कामाच्या नावाचा ठेवा, म्हणजे उद्या माणूस बदलला तरी पत्ता तोच राहील.

त्या ग्राहक महिलेला आजच उत्तर पाठवा. तिने धमकी दिली असे तुम्ही लिहिले आहे. मला ती धमकी वाटत नाही. तिला तिच्या हक्काची माहिती मिळालेली नाही आणि पुढे काय करणार हे तिने प्रांजळपणे सांगितले आहे. तिला कंपनीचे पूर्ण नाव, सीआयएन, पत्ता, नंबर आणि दिरांचे नाव कळवा, माहिती वेबसाइटवर नसल्याबद्दल एका वाक्यात दिलगिरी व्यक्त करा, आणि तिची मूळ तक्रार काय होती ते विचारा. पत्रात तुम्ही ते कुठेच सांगितलेले नाही, बहुधा तुम्हालाही ते माहीत नाही, कारण फॉर्ममध्ये आलेले तिचे पहिले दोन संदेश कोणी वाचलेच नव्हते, असे तुमच्या एका वाक्यावरून दिसते. तिने ठरवलेच तर ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही तक्रार नोंदवू शकते, किंवा स्वतःच्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात जाऊ शकते. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला तो राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणी तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही आणि वकील लागत नाही. ती दुसऱ्या राज्यात राहत असली, तर बाजू मांडण्यासाठी तुम्हाला तिथे पोहोचावे लागेल, फार तर दूरदृश्य सुनावणीची विनंती करता येईल. एका फ्रॉकसाठी हे सारे करायला लावण्यापेक्षा एक ईमेल लिहिणे स्वस्त पडेल.

बाजारमंचावर विकता त्या मालाबद्दल ‘तिथे तरी आमचे नाव कोणाला कळते’ असे तुम्हाला वाटते, पण तेही तितकेसे खरे नाही. विक्रेत्याचे व्यावसायिक नाव, पत्ता आणि ग्राहक सेवा क्रमांक बाजारमंचाने दाखवायचा असतो, आणि खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केली, तर वाद मिटवण्यासाठी लागणारी विक्रेत्याची आणखी माहिती, मुख्यालयाचा पत्ता आणि ईमेल धरून, त्याला द्यावीच लागते. तेव्हा तिथे जुना खासगी नंबर अजून नोंदलेला नाही ना, हे आधी तपासून घ्या. मला शंका आहे की तो तसाच असेल.

ज्या वाचकांची अडचण याच्या उलट आहे, म्हणजे ज्यांनी पैसे भरले आहेत आणि समोर कोणी सापडत नाही, त्यांनी संपर्काचा नंबर इंटरनेटवर शोधण्याआधी हातात असलेल्या वस्तू पाहाव्यात. बिलावर कंपनीचे नाव आणि जीएसटी क्रमांक असतो. त्या क्रमांकाने पोर्टलवर व्यवसायाचे कायदेशीर नाव आणि ठिकाण कळते. पाकिटावर ग्राहक तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन आणि ईमेल छापणे वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम २०११ प्रमाणे आवश्यक आहे, म्हणून खोके उघडल्याबरोबर फेकून देऊ नये. कंपनी असेल, तर मंत्रालयाच्या पोर्टलवर तिचा नोंदणीकृत पत्ता मिळतो आणि तिथे पोचदेय टपालाने नोटीस पाठवता येते. चॅटवर झालेल्या बोलण्याची प्रत आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. ग्राहक आयोगाकडे १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या जाता येते. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. भामट्याच्या नंबरवर फोन गेलाच आणि पैसे गेले, तर मात्र एक तासही न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावे.

तुमच्याकडे परत येते, एका छोट्या गोष्टीसाठी. पाकिटांवर लावायची नवी लेबले छापायला देण्याआधी पत्त्याचा निर्णय पक्का करा. तुम्ही लिहिले आहे की लेबले घाऊक छापली की स्वस्त पडतात. ती या वेळी थोडीच छापा, महिनाभर पुरतील एवढी, त्यावर नवा नंबर आणि तक्रारीचा ईमेल ठळक असू द्या, आणि आयएनसी-२२ मंजूर झाल्यावर नव्या पत्त्याची मोठी मागणी नोंदवा.